व्यसनमुक्तीतला पीअर सपोर्टर (बेळगाव सीमाभाग)

पीअर सपोर्टर म्हणजे स्वतः कधीतरी दारूत किंवा दुसऱ्या कुठल्या नशेत बुडालेला, त्यातून वर आलेला आणि आता नव्यानं सोडू बघणाऱ्याच्या सोबत राहणारा माणूस. तो डॉक्टर नाही, काउन्सिलर नाही, गावातला उपदेश करणारा बुवा तर अजिबातच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा शब्द तसा कोण वापरत नाही. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकमेकांना धरून राहायचा गट) मीटिंगला जाणारे 'स्पॉन्सर' म्हणतात, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेले 'फॉलोअपवाले' म्हणतात, आणि बायका सरळ 'ह्यांची दारू सोडवलेले ते भाऊजी' म्हणतात, आता हे ऐकून भाऊजींना संकोच वाटतो कारण त्यांनी सोडवलेलं काहीच नसतं, ते फक्त संध्याकाळी फोन उचलतात.

ह्या कामाची सुरुवात सांगायची तर १९३५ सालात जावं लागतं. न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात आला, काम फिसकटलं, हॉटेलात समोर बार, आणि दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले. त्यानं बारमध्ये न जाता फोनाफोनी केली, कुणीतरी दारुडा भेटवा मला बोलायला म्हणून. भेटला तो सर्जन डॉ. बॉब. बॉबनं शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापना दिवस धरतात. म्हणजे बिल बॉबला वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता, आणि या कामाची अख्खी मेख तिथंच आहे. पुढं १९६५ ला फ्रँक रीसमन नावाच्या अभ्यासकानं यावर लिहिलं की मदत करणाऱ्यालाच मदतीचा जास्त फायदा होतो. मराठी मुलखात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं (१९८६, डॉ. अनिता आणि अनिल अवचट) बरे झालेल्या पेशंटांनाच कामाला घेऊन ही पद्धत रुजवली. कर्नाटकात धर्मस्थळच्या जनजागृती वेदिकेची गावोगाव दारू सोडवायची शिबिरं होतात आणि शिबिर संपल्यावर सोडलेल्यांच्या 'नवजीवन समिती' करतात, ती पण याच जातीची गोष्ट. आणि खरं बघाल तर आपल्याकडं हे त्याच्याही आधीपासून आहे, गळ्यात तुळशीची माळ घातली की पिणं सुटतं आणि दिंडीतले चार माळकरी त्याच्यावर डोळा ठेवून असतात, फक्त त्याला कुणी इंग्रजी नाव दिलेलं नव्हतं.

गरज किती, तर २०१९ ला जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ घरीच.

आता प्रत्यक्ष काम. इथं नाईन्टी एमएलचा टेट्रा पॅक खिशात मावतो, चहाच्या कपाएवढी सवय होऊन बसते, त्यामुळं धोक्याची वेळ म्हणजे कामावरून सुटल्यापासून जेवणापर्यंतचे दोन-अडीच तास. वडगाव-शहापूरकडचा मागावरून सुटलेला विणकर असो नाहीतर निपाणीच्या तंबाखू वखारीतला हमाल, सहा वाजले की पाय आपोआप त्या वळणावर जातात. पीअरचा फोन तेव्हाच येतो. "काय गा, काय करूलालास?" बस्स एवढंच. दारूचा विषयच नाही. समोरचा म्हणतो, काय नाही, बसलोय. "जेवलास?" नाही म्हटला की यानं ओळखायचं, कारण मीटिंगमध्ये शिकवलेलं असतं की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार दारं उघडी राहिली की दारू आत येते. मग हा गाडी काढून जातो, दोघं भडंग खात बसतात, मागच्या वर्षीच्या पिकाबद्दल बोलतात, आठ वाजतात, झालं.

एक गोष्ट मात्र पीअरनं करायची नसते ती म्हणजे औषधपाणी. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, त्यामुळं अशा माणसाला घरात कोंडून 'सोडवायचं' नाही, दवाखान्यात न्यायचं. दुसरं म्हणजे न सांगता आमटीत गोळी किंवा पावडर घालायचा उद्योग, बऱ्याच घरांत होतो. डायसल्फिरामची (दारू सोडवायला डॉक्टर देतात ती) गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि त्याला माहीतच नसतं कशानं होतंय. पीअरनं इथं घरच्यांशी भांडलं तरी चालतं असं माझं मत आहे.

सीमाभागात अजून एक काम वाढतं, ते भाषेचं. फॉर्म कन्नडात, डॉक्टर कन्नड-इंग्रजीत, आणि पेशंटच्या आईला दोन्ही येत नाही. धारवाडच्या डिमहान्सला (मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) नेताना पीअरच दुभाषा होतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाल्यावर बायको-आई सोबत यायला लागल्या, तिकीट फक्त त्याचंच, हा फायदा योजना करणाऱ्यांच्या मनात असेल-नसेल. फोनवरचा आधार हवा तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची (मानसिक आरोग्याची) हेल्पलाइन आहे, दोन्ही आकडे इतके सारखे की लोक हमखास उलटसुलट लावतात.

सगळ्यात अवघड दिवस यात्रेचा. घरात मटण शिजतंय, पाहुणे गोव्याहून बाटल्या घेऊन आलेत आणि 'एका दिवसानं काय होतंय' म्हणणारा नेमका मामा असतो, ज्याला उलट बोलता येत नाही. जुने पीअर त्या दिवशी नव्याला सकाळीच स्वतःच्या घरी जेवायला बोलवतात.

पगाराचं विचाराल तर केंद्रात नोकरीला असेल तरच, नाहीतर पेट्रोलसुद्धा खिशातलं. उसने पैसे द्यायचे नाहीत, नवरा-बायकोच्या भांडणात पंच व्हायचं नाही, एकट्यानं पाच-सहा जणांना सांभाळायचं नाही, हे नियम सगळ्यांना पाठ असतात आणि सगळेच कधी ना कधी मोडतात. पीअरची स्वतःची मीटिंग मात्र चुकवून चालत नाही. तो स्वतः घसरला, ज्याला मीटिंगमध्ये 'स्लिप' म्हणतात, तर बोभाटा होत नाही. त्याच्याकडची माणसं दुसरा कुणीतरी घेतो आणि हा परत नवीन आलेल्यांच्या खुर्चीवर बसून दिवस पहिल्यापासून मोजायला लागतो.