वुडचकच्या बिळापासून .२२३ पर्यंत: व्हार्मिंट काडतुसांची पार्श्वभूमी

अमेरिकेत पिकांना आणि कुरणांना उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांना ‘व्हार्मिंट’ म्हणतात. ‘व्हर्मिन’ या शब्दाचाच तो गावरान उच्चार. त्यांतला मुख्य म्हणजे वुडचक, खारीच्या कुळातला, हिमालयातल्या मॉर्मोटचा भाऊबंद. हा लसूणघास फस्त करतो आणि कुरणात बिळं खणतो. त्या बिळात गुराचा किंवा घोड्याचा पाय गेला की मोडतो. बिळाच्या तोंडाशी तो दीडदोनशे यार्डांवर क्षणभर उभा राहतो आणि दिसतं ते जेमतेम तळहाताएवढं. म्हणून काडतुसाकडून दोन गोष्टी हव्या असतात. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी फार खाली पडू नये, आणि नेम चुकून ती जमिनीवर लागली तर तिथेच फुटावी, उसळून शेजारच्या शेतात जाऊ नये.

१८८७ पासूनची .२२ लाँग रायफल (नाव रायफलचं, पण हे काडतूसच; .२२ म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं ढोबळ माप) या दोन्हीत नापास होते. तिची ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम) शिशाची गोळी सेकंदाला साधारण १,२०० फूट वेगाने निघते. पन्नास यार्डांवर नेम जुळवला, तर शंभरावर ती सहा इंचांच्या आसपास खाली लागते. शिवाय ती मंद असल्याने फुटत नाही. तळ्यावर भिरकावलेली चपटी ठिकरी टप्पे घेत जाते, तशी ही कडक जमिनीवरून किंवा दगडावरून उसळते. वस्तीजवळच्या शेतात हा दोष जिवावर बेतणारा आहे.

पहिलं नेमकं उत्तर म्हणजे .२२ हॉर्नेट. १८८५ च्या .२२ डब्ल्यूसीएफ (विंचेस्टर सेंटर फायर) या काळ्या दारूच्या काडतुसाची केस, म्हणजे दारू भरायची पितळी नळकांडी, घेऊन स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी सरकारी शस्त्रकारखान्यातल्या टाउनसेंड व्हेलेन, जी. एल. वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात तीत धूरविरहित दारू आणि ४५ ग्रेनची तांब्याच्या आवरणाची गोळी घातली. कारखान्याची रायफल बाजारात यायच्या आधीच, १९३० मध्ये, विंचेस्टर या बंदुका-काडतुसांच्या कंपनीने काडतुसं विकायला काढली. आजचा कारखान्याचा वेग सुमारे २,७०० फूट आहे. आवाज बेताचा, धक्का नगण्य आणि पल्ला दीडशे-पावणेदोनशे यार्ड. जुनी हॉर्नेटची रायफल घेताना मात्र नळी मोजून घ्या: सुरुवातीच्या नळ्या .२२३ इंचाच्या होत्या, नंतरच्या .२२४ च्या. नळीत आतून गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा, म्हणजे आटे, असतात. त्यांचा फेरा इथे बहुधा १६ इंचांत एक असतो (इंच जितके कमी, तितकी गोळी जास्त वेगाने फिरते), त्यामुळे ४५ ग्रेनपेक्षा लांब टोकदार गोळी डगमगते. केसची मान कागदासारखी पातळ असते. घरी काडतूस भरताना गोळी जरा तिरकी बसली की मान चुरगळते. म्हणून आधी मानेची कड आतून किंचित उतरती करून घ्यायची आणि गोळी सरळ ठेवूनच दाबायची. केस इतकी लहान आहे की दारूत दोन-तीन दशांश ग्रेनचा फरकही निशाणावर दिसतो.

१९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणली. ४८ ग्रेनची गोळी, ४,११० फूट वेग. कारखान्याच्या काडतुसाने चार हजारांचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला होता. तीनशे यार्डांवरचा वुडचक आवाक्यात आला, पण नळीवर संक्रांत आली. जवळजवळ ४० ग्रेन दारूचा जाळ एवढ्या अरुंद भोकातून जातो. गोळी आटे पकडते त्या घशात आधी बारीक चिरा पडतात, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडाव्यात तशा. मग धातूच झिजतो आणि नेम पसरू लागतो. तापलेल्या नळीतून एकामागून एक फैरी झाडल्या की ही झीज झपाट्याने वाढते. चार-पाच फैरींनंतर थांबून नळी हाताला सोसेल इतकी निवू दिली, तर स्विफ्ट बरीच टिकते. तिची बदनामी निम्मी तरी वापरणाऱ्यांच्या घाईची आहे, असं आमचं ठाम मत आहे.

.२५० सॅव्हेजची मान आवळून केलेलं घरगुती काडतूस स्विफ्टशी स्पर्धा करत होतं. जे. ई. गेबी यांनी १९३७ मध्ये त्याला ‘व्हार्मिंटर’ नाव देऊन ते नोंदवून घेतलं, म्हणून इतर कारागीर त्याला .२२-२५० म्हणू लागले. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीने ते १९६५ मध्ये अधिकृत केलं. स्विफ्टपेक्षा किंचित कमी दारू आणि किंचित कमी वेग. शिकाऱ्याला तो फरक जाणवत नाही.

रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांची १९५० ची .२२२ ही मात्र कुणाच्या केसवरून केलेली नव्हती, ती मुळापासून नवी होती. ५० ग्रेन, ३,२०० फुटांच्या आसपास. दारू स्विफ्टच्या जवळपास निम्मी, नळीला दीर्घायुष्य आणि अचूकता अशी की बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेम मारायच्या) स्पर्धा तिने वर्षानुवर्षं गाजवल्या. सव्वादोनशे यार्डांपर्यंत हिच्याइतकं समजूतदार काडतूस आम्हाला दुसरं दिसत नाही.

वेगाच्या नादात फेऱ्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे १९५५ मध्ये दिसलं. विंचेस्टरने .२४३ ला १० इंचांत एक फेरा दिला, रेमिंग्टनने .२४४ ला १२ इंचांत एक. रेमिंग्टनच्या डोळ्यांसमोर व्हार्मिंटची हलकी गोळी होती. लोकांना त्याच रायफलने हरीणही मारायचं होतं, आणि १०० ग्रेनची लांब गोळी १२ च्या फेऱ्यात भरवशाने स्थिर राहत नव्हती. .२४३ घरोघरी गेली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये फेरा जलद करून तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ म्हणून आणलं, पण तोवर उशीर झाला होता.

.२२३ आली ती .२२२ ची केस लांबवून, सैन्याच्या रायफलसाठी. १९६४ मध्ये ती बाजारात रुजू झाली. वरणगावच्या आयुधनिर्माणीत बनणारं ५.५६ मिमीचं काडतूस याच घराण्यातलं. बाहेरची मापं सारखी असली तरी सैनिकी चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, घसा लांब असतो. म्हणून ५.५६ चं काडतूस .२२३ चा शिक्का असलेल्या नळीत वापरू नये, दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. फेऱ्याचा प्रश्न इथे उलटा होतो. सैनिकी ७ इंची फेऱ्यातून ३,५०० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला ३,६०,००० वेळा फिरते. पातळ आवरणाची व्हार्मिंट गोळी एवढ्या गतीने हवेतच फाटू शकते, निशाणापर्यंत पोचतच नाही. १२ इंची फेऱ्यात हाच आकडा २,१०,००० असतो.

१९७१ ची .१७ रेमिंग्टन आणि २००४ ची .२०४ रुगर हे वेगाचे पुढचे टप्पे. .१७ ची नळी लवकर तांबं धरते, वारंवार साफ करावी लागते. .२०४ मध्ये ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फुटांनी जाते आणि धक्का इतका कमी असतो की गोळी लागलेली दुर्बिणीतूनच दिसते.

कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी घातली, आणि जुन्या रायफलींचा फेरा पुन्हा आडवा आला. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. १४ इंची फेऱ्याच्या जुन्या .२२२ मध्ये ५० ग्रेनची शिशाची गोळी सुरेख जाते, तांब्याची तेवढ्याच वजनाची गोळी मात्र निशाणाच्या कागदावर आडवी लागलेली दिसू शकते. अशा नळीला ४० ग्रेनच्या आसपासची आखूड गोळीच मानवते.