वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप

वर्गशिक्षकांनी पालकांना निरोप, गृहपाठ आणि सूचना कळवण्यासाठी चालवलेला ग्रुप. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये तो आधीही होता, पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे वर्ग बंद झाले आणि कित्येक ठिकाणी हा ग्रुप म्हणजेच शाळा झाली. शाळा पुन्हा भरल्या तरी ग्रुप राहिला. हजेरीपटासारखा तो दरवर्षी जूनमध्ये नव्याने तयार होतो. नाव साधंच, ‘इ. ४ थी ब’.

व्हॉट्सॲपच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःहून खातं उघडता येत नाही. म्हणून प्राथमिकच्या ग्रुपवर नंबर आईबाबांचे असतात, फोन मात्र संध्याकाळी मुलाच्या हातात. सुरक्षित वापराचे नियम मुलांसाठी लिहिले जातात आणि घोळ बहुतेक वेळा मोठी माणसं घालतात. घटक चाचणीचे गुण नावांनिशी टाकले जातात, फी थकलेल्यांची यादी येते, शिष्यवृत्तीसाठी मागितलेलं मुलाचं आधार कार्ड पालक घाईत ग्रुपवरच पाठवतात. पाच मिनिटांत ‘डिलीट’ केलं तरी तोवर पुढे गेलेली प्रत कुणाच्या हातात राहील, सांगता येत नाही.

अफवांचा धोका याहून मोठा. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरीही ‘आपल्या मुलांना सांभाळा’ छापाचे फॉरवर्ड शाळेच्या ग्रुपवर येतच असतात, आणि पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, हीच खरी अडचण.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. ॲडमिन असलेल्या शिक्षकांना वेगळीच धास्ती असते. सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून केवळ त्या कारणाने ॲडमिन दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० वर, मूल संकटात असल्यास १०९८ वर फोन करता येतो.

‘फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील’ ही सोय २०१८ पासून आहे. ती लावली की चाळीस वेळा येणारं ‘ओके सर’ आणि सकाळची फुलं थांबतात. मग पालक दुसरा ग्रुप काढतात. त्यात सर नसतात, सरांविषयी मात्र बरंच काही असतं.