हात मंदावतात तेव्हा बॅट धावते

२९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकी बेसबॉल संघाने मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध एकाच सामन्यात ९ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे टोले) मारले आणि सगळे एका वेगळ्याच बॅटबद्दल बोलू लागले. काही खेळाडूंच्या हातात 'टॉर्पेडो' बॅट होती. तिचा फुगवटा टोकाकडून मुठीच्या बाजूला सरकवलेला असतो. मात्र त्या दिवशी एकट्याने ३ होमरन मारणारा ॲरन जज नेहमीच्याच बॅटने खेळत होता!

आधी थोडं गणित. परत जाणाऱ्या चेंडूचा वेग ढोबळमानाने असा काढतात: येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा पाचवा हिस्सा, अधिक बॅटच्या वेगाची १.२ पट. बॅट ताशी ११६ किमी आणि चेंडू ताशी १३८ किमी वेगाने येत असेल, तर टोला साधारण ताशी १६७ किमीचा बसतो. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, वेग १० ने वाढवला, तर टोल्यात जेमतेम २ ची भर पडते. फलंदाजाने बॅटचा वेग १० ने वाढवला, तर १२ ची. सगळा खेळ बॅटच्या वेगाचा आहे.

हा वेग दंडातून येतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो जमिनीपासून वर चढत येतो. पुढचा पाय रोवला जातो, गुडघा ताठ होतो आणि कंबर पिचरकडे वळते. खांदे अजून मागेच असल्याने मधले पोटापाठीचे स्नायू पिळल्यासारखे ताणले जातात. मग कंबर मंदावते आणि धड उसळतं. धड मंदावतं आणि हात सुटतात. प्रत्येक टप्प्यावर जड भाग आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, पुढच्या हलक्या भागाला देतो. संवेग तेवढाच, पण जडत्वाघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) कमी, म्हणून वेग जास्त.

शेवटचा टप्पा माझ्या सर्वात आवडीचा. सुरुवातीला बॅट खांद्याजवळ दुमडलेली असते, म्हणजे वळवायला सोपी. हात कमानीत फिरू लागले की ती बाहेर फेकली जाते, आणि चेंडू भिडण्याच्या जरा आधी हात चक्क मंदावतात. नेमकं तेव्हाच टोक झेपावतं. पोतराजाचा आसूड आठवा: मूठ थबकते आणि टोक कडाडतं. हा सगळा पल्ला सुमारे ०.१५ सेकंदात उरकतो. कंबर आणि खांदे एकदम वळले, तर दंड कितीही पिळदार असोत, साखळी तुटते.

वेगासाठी गळ्यात टायटॅनियमच्या माळा घालणारे खेळाडूही या खेळात होऊन गेले. त्या माळेने संवेग वाढण्याचा कुठलाही मार्ग भौतिकशास्त्रात नाही. आपल्याकडच्या चुंबकीय कड्यांचंही तेच.

चेंडू आणि बॅट एकमेकांना सुमारे एक सहस्रांश सेकंदच चिकटून असतात. आघाताची लहर मुठीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी मूठ किती घट्ट आवळली आहे याने टोल्यात फरक पडत नाही.

टॉर्पेडो बॅटचं कोडंही इथेच उलगडतं. वस्तुमान मुठीकडे सरकलं की बॅट फिरवायला थोडी हलकी होते, वेग किंचित वाढतो. पण टोकाकडे चेंडू लागला तर मागे जोर द्यायला तेवढं वस्तुमान उरत नाही. जो फलंदाज नेहमी फुगवट्याच्या जागीच चेंडू भिडवतो, त्याला ती उपयोगी पडते. जो टोकाने मारतो, त्याने जुनीच बॅट ठेवावी.