गर्भातली ऑक्सिजनची टंचाई आणि उतारवयातला स्मृतिभ्रंश

पोटात असताना ऑक्सिजन कमी पडला, तर त्याचा परिणाम सत्तरीतल्या स्मरणशक्तीवर होतो का? प्रश्न अलीकडचा आहे, पण त्यामागचे धागे जुने आहेत.

विल्यम जॉन लिटल या अस्थिशल्यविशारदांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडलं, की अवघड बाळंतपणात गुदमरलेल्या काही मुलांचे हातपाय पुढे ताठर होतात. आज आपण त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (ते आधी मेंदूविकारतज्ज्ञ होते) उलटी शंका काढली: गर्भातच आधी काहीतरी बिघडलेलं असेल, आणि अवघड बाळंतपण ही त्याचीच खूण असेल. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात या शंकेपासून धरायला हवी.

निरोगी गर्भसुद्धा कमी ऑक्सिजनवरच वाढतो. केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी मेंढ्यांवरच्या प्रयोगांनंतर या स्थितीला ‘गर्भातलं एव्हरेस्ट’ म्हटलं. टंचाई सुरू होते ती त्याहूनही कमी मिळू लागल्यावर. वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नसेल, आईला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा विकार) असेल, ती सिगारेट ओढत असेल, अशी कारणं त्यामागे असतात. अशा वेळी गर्भ रक्त मेंदूकडे वळवतो आणि बाकीच्या शरीराची वाढ खुंटते.

त्यामुळे जन्माचं वजन महत्त्वाचं ठरलं. साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या जुन्या नोंदवह्यांवरून दाखवलं, की जन्मतः हलक्या असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. पण वजन कमी कशामुळे, उपासमारीने की ऑक्सिजन कमी पडल्याने? हे कोडं केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ दिनो जुस्सानी यांनी बोलिव्हियात फार सुंदर सोडवलं. समुद्रसपाटीवरच्या कोंबड्यांची अंडी त्यांनी सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या ला पाझमध्ये उबवली. पिल्लांची वाढ खुंटली. जादा ऑक्सिजन दिल्यावर ती सुधारली. अंड्यात अन्नाचा साठा ठरलेला असतो, त्यामुळे आईच्या आहाराचा प्रश्नच उरला नाही.

स्मृतिभ्रंशाशी सांधा जुळला तो पेशींच्या पातळीवर. ऑक्सिजन घटला की अमायलॉइड (अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूत साचणारं प्रथिन) तयार करणाऱ्या बेस-१ या विकराचं (एन्झाइमचं) जनुक जास्त काम करतं, हे २००६ मध्ये दिसलं. अमायलॉइडचा निचरा करणारं नेप्रिलायसिन हे विकर मात्र गर्भावस्थेत ऑक्सिजन तुटलेल्या उंदरांत घटलेलं आढळलं. २०१३ मध्ये, अल्झायमरची जनुकं घातलेल्या उंदरांना गर्भात ऑक्सिजन कमी दिल्यावर आजार बळावला. जुस्सानी यांच्याच गटाने २०२१ मध्ये गाभण उंदरांना १३ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं. त्यांच्या पिल्लांची स्मरणशक्ती मोठेपणी घटलेली निघाली. आईला क जीवनसत्त्व दिल्यावर हे बरंचसं टळलं, पण त्यासाठी लागलेली मात्रा इतकी मोठी होती की ती गरोदर बाईला देणं योग्य नाही.

माणसांत मात्र असा थेट पुरावा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत गर्भावस्थेचा एकही नाही. त्याचं एक साधं कारण आहे. नाळेतला रक्तप्रवाह डॉपलर या ध्वनिलहरींच्या तपासणीने मोजायला १९७७ च्या सुमारास सुरुवात झाली, आणि ती पहिली बाळं आज जेमतेम पन्नाशीच्या आसपास आहेत; स्मृतिभ्रंशाचं वय त्यांना अजून यायचं आहे.