ऊस कुठे घालायचा हे कोणी ठरवायचे? : सीमाभागातील वादाची पार्श्वभूमी

१९६६ च्या केंद्रीय ऊस नियंत्रण आदेशाने शेतकऱ्याला संरक्षण दिले आणि त्याच्यावर बंधनही घातले. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज ही कारखान्यांवरील सक्ती त्यातलीच; मात्र त्याच आदेशाच्या सहाव्या कलमाने कारखान्यांसाठी क्षेत्र राखून ठेवण्याचा आणि एखाद्या भागातून ऊस बाहेर नेण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. झोनबंदी, म्हणजे आपल्या क्षेत्राला नेमून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, यातूनच आली. महाराष्ट्रात ती नव्वदच्या दशकात शेतकरी आंदोलनांच्या रेट्यामुळे उठली, २००९ मध्ये एसएमपी या वैधानिक किमान दराच्या जागी एफआरपी हा रास्त आणि किफायतशीर दर आला आणि २०१३ मध्ये कारखान्यांवरची लेव्ही साखरही (सरकारला ठरलेल्या स्वस्त दराने द्यावी लागणारी) गेली. कारखानदारीची बंधने अशी सैल होत असताना मनाईचे कलम मात्र जागेवरच राहिले.

त्याचा अर्थ सप्टेंबर २०२३ मध्ये कळला. पावसाने ओढ दिली होती आणि ऊस कमी पडणार हे दिसत होते. तेव्हा महाराष्ट्र सरकारने ३० एप्रिल २०२४ पर्यंत परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली. कागल, गडहिंग्लज, शिरोळकडचा ऊस इकडे कर्नाटकात, निपाणी-चिकोडीच्या बाजूला येतो, हा वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. जिथे तोड लवकर मिळते आणि पहिली उचल (उसाच्या पैशांचा पहिला हप्ता) चांगली असते, तिकडे शेतकरी वळतो. बंदीमागचे कारण खोटे नव्हते. गाळप अर्ध्यावर थांबले तर कारखान्याचे कर्ज, कामगारांचे पगार आणि पुढच्या हंगामाची उचल सगळेच अडचणीत येते. पण दुष्काळाने शेतकऱ्याचेही उत्पादन घटले होते, आणि माल कमी असताना चार पैसे जास्त मिळण्याची जी एकमेव संधी असते, तीच या आदेशाने काढून घेतली, त्या बदल्यात कोणतीही भरपाई न देता. देशभर व्यापार मुक्त असेल असे राज्यघटनेचे ३०१ वे कलम सांगते; त्याला अपवाद आहेत हे खरे, परंतु अपवादाचा सगळा भार एकाच घटकावर टाकणे याला स्थैर्य म्हणता येत नाही. शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर काही दिवसांतच बंदी मागे घेण्यात आली.

सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात, नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार वेगळ्या रीतीने मध्ये पडले. मूडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे टनाला ३५०० रुपयांच्या मागणीसाठी आंदोलन पेटले आणि तोडगा ३३०० वर निघाला. शेवटच्या १०० रुपयांपैकी ५० कारखान्यांनी आणि ५० राज्य सरकारने द्यायचे ठरले. एफआरपी त्या हंगामात टनाला ३५५० होती, पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) आणि तोडणी-वाहतूक धरून. तो खर्च वजा झाल्यावर हातात काय उरते, हाच शेतकऱ्यांचा प्रश्न होता. दरासाठी धरला जाणारा मूळ उतारा एके काळी ८.५ टक्के होता; तो वाढवत नेल्यामुळे जाहीर दरातील वाढ पूर्णपणे पदरात पडत नाही, ही तक्रार दोन्ही राज्यांतील शेतकरी करतात आणि ती रास्त आहे.