टायरदाब इशारा दिवा : न विझणे

मोटारीच्या टायरमधली हवा ठरावीक मर्यादेखाली उतरली की चालकापुढच्या डॅशबोर्डवर पेटणारा पिवळा दिवा. टायरचा नालेसारखा छेद, खाली रस्त्याला टेकणारे दाते आणि पोटात उद्गारचिन्ह असे त्याचे चित्र असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बरणी वाटते. हवा भरली की दिवा विझावा अशी अपेक्षा असते. तो विझला नाही की गाडी पेट्रोल पंपावरून पंक्चरवाल्याकडे आणि तिथून वर्कशॉपला अशी फिरत राहते, आणि प्रत्येक ठिकाणी गेज लावून ‘हवा बरोबर आहे’ एवढेच सांगितले जाते. पुष्कळदा ती खरोखरच बरोबर असते. घोटाळा असा की या एकाच चित्रामागे दोन वेगळ्या यंत्रणा असू शकतात आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

अप्रत्यक्ष यंत्रणेत टायरच्या आत काहीच बसवलेले नसते. एबीएस ब्रेकसाठी (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी सोय) प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा जो सेन्सर असतो, त्याच्यावरच ती भागवते. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढेच अंतर कापायला त्या चाकाला इतरांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. हा फरक संगणकाच्या नजरेत आला की दिवा पेटतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत हीच यंत्रणा आहे. तिला पीएसआय, म्हणजे गेजवरचा दाबाचा आकडा, कळत नाही. योग्य स्थिती कोणती, हे तिला माणसानेच सांगावे लागते. टायर थंड असताना चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर दिल्याप्रमाणे चारही चाकांत हवा भरायची आणि मग बटण दाबून किंवा स्क्रीनवरच्या मेनूतून ती स्थिती गाडीच्या स्मरणात साठवायची. बटण कुठे स्टिअरिंगच्या खाली, कुठे ग्लव्ह बॉक्समध्ये दडवलेले असते; अनेक गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावे लागते, नुसते टिचकून भागत नाही. टायर बदलले किंवा पुढची चाके मागे टाकली, तरी हा सोपस्कार पुन्हा करावा लागतो. त्यानंतरही गाडीला शिकायला वेळ लागतो. काही गाड्यांना त्यासाठी मध्यम वेगाने एकूण अर्धा तास धावावे लागते.

इथे उलटी चूक अधिक महागात पडते. दिवा दिसताच गेज न लावता बटण दाबले, तर गाडी बसलेल्या टायरलाच नमुना मानते. दिवा विझतो, चालक निर्धास्त होतो. पुढे त्याच टायरमध्ये कुणी नीट हवा भरली की चाकांचा हिशेब पुन्हा जुळेनासा होतो आणि दिवा परत पेटू शकतो. ‘हवा भरली म्हणून लाइट लागला’ ही विचित्र वाटणारी तक्रार अशी खरी असू शकते.

प्रत्यक्ष यंत्रणेत प्रत्येक रिमच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक लहानशी डबी, म्हणजेच सेन्सर, बसवलेली असते. ती दाब आणि तापमान मोजून रेडिओलहरींनी गाडीला कळवते. अमेरिकेत आणि जपानात ३१५ मेगाहर्ट्झवर, युरोपात ४३३ मेगाहर्ट्झवर. म्हणून ऑनलाइन मागवलेला, दिसायला हुबेहूब असलेला सेन्सरही गाडीला ऐकूच येत नाही असे होते. डॅशबोर्डवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर यंत्रणा याच जातीची समजावी. गाडी उभी असताना या डब्या बॅटरी वाचवण्यासाठी जवळजवळ निजलेल्या असतात आणि चाक फिरू लागले की जाग्या होतात. तेव्हा पंपावर हवा भरून तिथेच दिव्याकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही, पाच-दहा मिनिटे गाडी पळवावी. प्रत्येक डबीचा स्वतःचा क्रमांक असतो. नवी डबी बसवली की तो क्रमांक गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या चालता चालता आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर जोडावा लागतो. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत हा विधी ऐकण्यासारखा आहे: गाडी शिकण्याच्या स्थितीत घालायची, हातातले छोटे यंत्र पुढच्या डाव्या व्हॉल्व्हजवळ धरायचे, हॉर्न वाजला की पुढचे उजवे, मग मागचे उजवे आणि शेवटी मागचे डावे. क्रम चुकला की दोष एका चाकात आणि आकडा दुसऱ्याच्या नावावर.

निदानाची पहिली पायरी म्हणजे दिवा कसा पेटतो ते पाहणे. इंजिन चालू केल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर तक्रार हवेची नाही, यंत्रणेची आहे. अशा वेळी कितीही हवा भरली तरी तो जाणार नाही. अमेरिकी नियमाने ही पद्धत ठरवून दिली आहे आणि इतरत्रही ती पुष्कळ गाड्यांत दिसते. सुरुवातीपासून स्थिर पेटला, तर आधी हवाच तपासावी, तीही पंपावरच्या झिजलेल्या गेजवर न विसंबता आणि गाडी तीन तास उभी राहिल्यावर.

थंड टायरचा आग्रह सोवळेपणाचा नाही. दर साडेपाच अंश सेल्सिअसला सुमारे एक पीएसआयचा फरक पडतो. दुपारच्या उन्हातून आलेल्या टायरमधली हवा ५० अंशांवर असताना गेजवर ३३ आकडा पाहून समाधान मानले, तर नाशिककडच्या डिसेंबरात पहाटे १० अंशांना तोच टायर २७ च्या आसपास येतो. कुणी हवा सोडलेली नसते. अमेरिकी मर्यादा २५ टक्के घटीची, म्हणजे ३३ ला पावणेपंचवीस. युरोपात ती २० टक्के, म्हणजे सव्वीसच्या जरा वर. त्यात टायरमधून महिनाभर आपसूक झिरपणारी हवा धरली की सकाळी दिवा, दुपारी गायब, असा लपंडाव सुरू होतो. न्यू जर्सी किंवा टोरांटोतल्या मराठी घरांना हा अनुभव दर वर्षी पहिल्या थंडीच्या लाटेत येतो. तिथे हिवाळी टायरांसाठी रिमचा वेगळा संच ठेवतात. त्यात सेन्सर बसवले नसतील तर दिवा वसंतापर्यंत मुक्कामाला असतो.

पाचव्या चाकाचा विसर हेही एक नेहमीचे कारण. काही गाड्यांत, विशेषतः पूर्ण आकाराची स्टेपनी असलेल्या काही टोयोटांमध्ये, तिच्यातही सेन्सर असतो. चारही चाके तपासून हैराण झालेल्याने डिकी उघडावी किंवा गाडीखाली वाकावे. उलटपक्षी आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची स्टेपनी लहान, लोखंडी रिमची आणि बिनसेन्सरची असते. ती लावली की दिवा पेटणारच.

डबीची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती लाखेसारख्या थराखाली पक्की बंद असल्याने बदलता येत नाही. चारही डब्या एकाच वयाच्या असतात, त्यामुळे एक गेली की बाकीच्या मागोमाग जातात. चारही एकदम बदला असे मिस्त्री म्हणाला तर तो दरवेळी गिऱ्हाईक कापतच असतो असे नाही. टायर रिमवरून सोडवताना पट्टी व्हॉल्व्हपाशी घातली तर डबी तिथेच फुटते. गाडीत सेन्सर आहे हे पंक्चरवाल्याला आधी सांगणे म्हणूनच आवश्यक. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातली तर दोन धातूंच्या संगतीने गंज चढतो, पुढे पिन निघत नाही आणि व्हॉल्व्हच तुटतो. निकेलचा मुलामा दिलेली पिन हा त्यावरचा उपाय.

हा दिवा सक्तीचा झाला तो अमेरिकेत. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये दाब दाखवण्याची सोय होती, पण ती श्रीमंती हौस. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर धावताना सोलून निघाल्याने झालेल्या अपघातांनंतर ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवण्यात आले आणि त्याच वर्षी तिथे कायदा झाला. पहिल्या नियमावर २००३ मध्ये न्यायालयात पाणी पडले, कारण त्याने मान्य केलेल्या त्या काळच्या अप्रत्यक्ष यंत्रणांना चारही टायर सारखेच उतरले तर काही कळत नसे. सुधारित नियमानुसार सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या वाहनांना हा दिवा लागला. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना.

दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणे हा सार्वत्रिक तोडगा. अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी त्याहून पुढे जाऊन चारही सेन्सर पीव्हीसी पाइपात घालून, त्यात हवा भरून, तो पाइप डिकीत ठेवून दिला. गाडी खूश, टायर वाऱ्यावर.

भारतात सर्व मोटारींना ही यंत्रणा सक्तीची नाही. मात्र जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ३.५ टनांपर्यंतच्या, ट्युबलेस टायरच्या प्रवासी गाडीत ही यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल तर स्टेपनी देण्याचे बंधन उरले नाही. त्या संचातला द्रव टायरमध्ये सोडला की भोक बुजते, पण तोच द्रव सेन्सरच्या बारीक छिद्रातही जाऊन बसू शकतो. मग पंक्चर निघूनही दिवा तसाच राहतो, आणि टायर उतरवून ती डबी पुसेपर्यंत किंवा बदलेपर्यंत बाहेरून भरलेल्या हवेचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.