वावरातल्या बाईला खिसा कुठे पाहिजे?

निंदायला नाहीतर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईजवळ काय काय सामान असतं ते एकदा नीट पाहा. एक फोन, दहावीसच्या चार नोटा, घराची किल्ली, डोकं दुखलं तर एखादी गोळी, शेजारणीने दिलेली भाजीच्या बियांची पुडी. आणि हे ठेवायला तिच्या अंगावरच्या कपड्यांत एकही खिसा नसतो. फोन ब्लाऊजमध्ये, नोटा पदराच्या गाठीत, किल्ली कमरेला खोचलेली, नाहीतर सगळं एका पन्नीत घालून धुऱ्यावरच्या बोरीला टांगलेलं. तिच्यासोबत त्याच वावरात आलेल्या तिच्या माणसाला मात्र शर्टाला एक आणि पॅन्टला चार असे पाच खिसे असतात, आणि दोघांचं काम बघितलं तर दिवसभर दोन्ही हात गुंतलेले असतात ते जास्त करून तिचेच. ही गोष्ट मला फार खटकते, म्हणून खिशामागचं विज्ञान जरा खोलात जाऊन सांगतो.

अंगावर सामान बांधून न्यायची गरज फार जुनी आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं, त्याला ओट्झी म्हणतात, तो साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्याला एक थैली शिवलेली होती आणि तिच्यात गारगोटीची बारीक हत्यारं, हाडाची टोचणी आणि आग पेटवायला लागणारी वाळकी बुरशी होती. म्हणजे इतक्या जुन्या माणसालाही रोजचं सामान कमरेलाच ठेवावंसं वाटलं, आणि आपल्या आज्याची पानतंबाखूची चंची, धोतराची कनवट, तीही कमरेलाच.

कमरच का, तर माणूस सरळ उभा असताना त्याच्या सगळ्या वजनाचा मध्य बेंबीच्या जरा खाली, ओटीपोटात पडतो. तिथे बांधलेलं ओझं चालताना शरीरासोबत सरळ पुढे जातं, फार हलत नाही, आणि ते पेलायला कमरेचं रुंद हाड असतं. तेच ओझं पायात घातलं तर प्रत्येक पावलाला ते उचला, पुढे झोका, थांबवा असं करावं लागतं आणि त्यात कितीतरी पट जास्त ताकद जाते (जड गमबूट घालून चिखलातून धानाच्या बांधीवर गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको). हातात धरलेल्या वस्तूचं तर आणखी वाईट, कारण वजनाचं सोडा, हातच अडकतो.

आता कापूस वेचणाऱ्या बाईची ओटी घ्या. ती कमरेलाच असते, जागा बरोबर आहे, पण सगळा कापूस पोटासमोर जमतो. ओटी भरत गेली की वजनाचा मध्य पुढे सरकतो आणि तोल सांभाळायला पाठीच्या खालच्या स्नायूंना सतत मागे ओढून धरावं लागतं. संध्याकाळी माझी कंबर धरली म्हणते ती उगाच नाही म्हणत. तेच वजन दोन्ही बाजूंना वाटून दिलं तर पाठीला एवढं ओढावं लागत नाही.

युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात बायकांचा खिसा म्हणजे नाडीला लावलेली कापडी थैली असायची, घेरदार घागऱ्याच्या आत कमरेला बांधायची आणि घागऱ्याच्या बाजूला ठेवलेल्या फटीतून हात घालून वापरायची. पुरुषांचे खिसे तोवर कपड्यातच शिवले जायला लागले होते. अठराव्या शतकाच्या शेवटी बायकांचे कपडे अंगासरशी झाले, आत थैली मावेना, आणि खिशाच्या जागी हातात धरायचा छोटा बटवा आला. म्हणजे बाईचा एक हात पुन्हा गुंतला.

आपल्याकडेही काहीसं तसंच झालं. नऊवारी लुगड्याला कमरेला घट्ट गाठ असायची, तिच्यात पैसे मुरगाळून ठेवले तर पडत नव्हते. पुढे पाचवारी साडी आणि परकर आला, सगळा भार नाडीवर गेला, ती जाड गाठ गेली आणि तिच्यासोबत ती जागाही गेली. पुरुषांचं धोतर गेलं तेव्हा त्यांना बदल्यात पॅन्टचे खिसे मिळाले, बायकांना काहीच मिळालं नाही.

मुली जीन्स घालायला लागल्या तर प्रश्न सुटला असं वाटेल, पण तसंही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'द पुडिंग' नावाच्या प्रकाशनाने २० ब्रँडच्या ८० जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले. फोन तर तोच विकत घ्यायचा असतो दोघांना!

खिसा फाटतो कुठे हेही पाहण्यासारखं आहे. मधोमध क्वचितच, जवळपास नेहमी तोंडाच्या दोन टोकांना. हात घातला, वजन ठेवलं, बसलं-उठलं की जो ताण येतो तो तोंडाच्या कडेने सरकत जाऊन त्या दोन कोपऱ्यांवर गोळा होतो, तिथला एक टाका तुटला की त्याचा भार शेजारच्या टाक्यावर, मग तो तुटतो, आणि फाटत फाटत पूर्ण खिसा लोंबायला लागतो. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, त्याच्याकडे एक बाई आली, तिचा नवरा लाकूडतोड्या, त्याच्यासाठी न फाटणारी पॅन्ट पाहिजे होती. डेव्हिसने खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले, ताण एका टाक्यावर न येता धातूच्या टिकलीखालच्या सगळ्या कापडावर पसरला आणि खिसा टिकला. २० मे १८७३ ला त्याला आणि त्याला कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला मिळून त्याचं पेटंट मिळालं. आपल्या शिंप्याला रिव्हेटची गरज नाही, त्याच कोपऱ्यावर मशीन मागेपुढे फिरवून अर्धा-पाऊण सेंटीमीटर दाट टाके घातले आणि आतून कापडाचा एक तुकडा लावला तरी तेच काम होतं.

त्या पेटंटच्या थोडं आधी, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. तेव्हापासून आजपर्यंत जगाच्या कपड्यांसाठी इथल्या बायका पऱ्हाटीतून बोंडं वेचत आल्या आणि त्यांच्याच अंगावरच्या कपड्याला खिसा नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

बरं, खिसा पाहिजे म्हटलं तर कुठे पाहिजे? हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे कारण चुकीच्या जागी लावलेला खिसा असून नसल्यासारखा. खिशात वस्तू राहते ती दोन कारणांनी, एक तर तळ खाली असतो आणि दुसरं कापडाचं घर्षण. छातीवरचा खिसा उभं असताना सरळ असतो, पण निंदताना किंवा रोवणी करताना बाई कमरेतून वाकते, धड जवळजवळ आडवं होतं, खिसाही आडवा होतो, आणि थोडं आणखी वाकलं की तोंड खाली आणि फोन चिखलात. पण त्याच वेळी मांड्या उभ्याच असतात. म्हणून वाकून करायच्या कामाला खिसा कमरेच्या खाली, मांडीच्या बाजूला पाहिजे.

सोंगताना किंवा भाजी खुडताना उकिडवं बसावं लागतं, तेव्हा मांडीही आडवी होते, कापड ताणलं जातं आणि मांडीला चिकटून शिवलेला खिसा दबून त्यातली वस्तू तोंडाकडे सरकते. इथे सैल लोंबणारा खिसा उपयोगी पडतो, जो फक्त वरच्या कडेला शिवलेला आहे आणि खाली मोकळा आहे, तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा तुम्ही कसंही वाका-बसा आपला तळ जमिनीकडेच ठेवतो. युरोपातल्या बायकांची ती जुनी थैली नेमकी अशीच होती.

तोंड किती रुंद ठेवायचं याचा हिशोब बांगडीवरून लावता येतो. सव्वादोनची बांगडी म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, परीघ जवळपास १८ सेंटीमीटर, त्यातून हात चोळून-दाबून जातो. खिशाचं तोंड चपटं असतं, पुढचं कापड आणि मागचं कापड मिळून त्याचा घेर होतो, म्हणून १८ चा घेर पाहिजे तर तोंड निदान ९ सेंटीमीटर. पण हात आत जाताना सपाट असतो आणि बाहेर येताना वस्तू धरलेली मूठ असते, ती बरीच मोठी, त्यात हातात बांगड्या असल्या तर आणखी अडकते, म्हणून १५ सेंटीमीटरपेक्षा कमी तोंड ठेवूच नये. खोली फोनवरून ठरवायची. आजकालचा मोठा फोन १६ सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा असतो, तो पूर्ण आत जाऊन वर चार बोटं उरली पाहिजेत, म्हणजे २२-२३ सेंटीमीटर. खालचे कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यात माती आणि कुटार बसतं ते धुतलं तरी निघत नाही.

कापड सुतीच घ्या. सूत हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के इतका धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही, त्यामुळे पॉलिस्टरच्या खिशात घाम शोषला न जाता वस्तूवर तसाच बसतो. ब्लाऊजमधला फोन बिघडतो तो यामुळेच, घामात मीठ असतं, मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि चार्जिंगच्या तोंडातली बारीक धातूची टोकं गंजतात. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते आणि आयफोन बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की फोन ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा. अंगाची ऊब, वरून ऊन आणि आत हवा नाही, अशात बॅटरीचं आयुष्य घटतं.

परकराला खिसा शिवून घेणाऱ्या बायका आहेत आणि बाजारहाटाला, एसटीत बसायला तो चांगलाच आहे, पण वावरात साडीच्या आत हात घालून फोन काढायला जमत नाही, मातीचे हात, चारचौघं सोबत. त्यासाठी मला वाटतं सगळ्यात सोपा उपाय आपल्या बायकांनीच अर्धा काढून ठेवलेला आहे. उन्हापासून आणि काट्याकुसळांपासून वाचायला त्या साडीवर माणसाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. त्याला खिसा असतो तो छातीवर, म्हणजे वाकायच्या कामाला चुकीच्या जागी. तोच शर्ट शिंप्याकडे न्या, खाली दोन्ही बाजूंना, मांडीवर येतील असे दोन मोठे सुती खिसे लावायला सांगा, वरून शिवलेले आणि खाली मोकळे, एकावर बटण किंवा झाकण, कोपऱ्यांना दाट टाके. जुन्या पॅन्टचे किंवा चादरीचे तुकडे चालतात. आमच्याकडे एका काकूंनी असे शिवून घेतले तर आता त्यांच्यासोबत जाणाऱ्या बायकाही विचारायला लागल्या.

फक्त फवारणीला हा शर्ट घालायचा नाही, आणि हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर जीव गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कीटकनाशक नाकातोंडातून जातं तसं कातडीतूनही अंगात जातं, आणि खिसा म्हणजे कापडाचे दोन-तीन थर, उडालेलं औषध तिथे मुरतं, उशिरा वाळतं आणि तोवर मांडीला चिकटून राहतं. त्यात खर्र्याची पुडी ठेवली असेल तर तेच औषध बोटाला आणि बोटावरून तोंडात. म्हणून फवारणीचे कपडे बिनखिशाचे किंवा खिसे शिवून बंद केलेले असावेत, खर्रा, तंबाखू, डबा आणि फोन धुऱ्याच्याही पलीकडे, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवावेत, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत, धुणाऱ्या बाईने हातमोजे घालून.